दीड पाऊल

सराव सुरू व्हायचा चेंडूशिवाय.
आगीच्या बंबाचा एक जुना पाइप
कोच हालव्हर्सन गवतावर अंथरायचे,
त्यावर पांढऱ्या रंगाच्या खुणा : हा गार्ड, हा टॅकल,
आणि त्यांच्या पलीकडे एक माणूस
ज्याला कुणीही अडवायचं नाही.

"मुद्दाम," ते म्हणायचे, "मुद्दाम मोकळा सोडायचा.
तो जे करील ते चूक ठरवायचं,
एवढाच आपला धंदा."

मी फुलबॅक. माझं काम सगळ्यांत सोपं :
नाकासमोर पळायचं.
एक कोपर वर, एक खाली, मध्ये पोटाची खोबण.
तिथे वेंडेल प्रूइट चेंडू टेकवणार
आणि नजर ठेवणार त्या मोकळ्या माणसावर.
तो आत वळला, तर चेंडू काढून घेऊन स्वतः पळणार,
पुढे वाट बंद दिसली, तर बाजूने धावणाऱ्या गेन्सकडे भिरकावणार.
तो जागीच थबकला, तर चेंडू माझा.

हे ठरायला दीड पाऊल लागतं.
तेवढं अंतर चेंडू दोघांचा असतो,
म्हणजे कुणाचाच नसतो.
"आवळू नकोस," कोच ओरडायचे,
"अंडं आहे समज. दिलं तर घे, नेलं तर जाऊ दे.
आणि नेलं तरी
भरल्या पोटानं पळ."

चार वर्षं पळालो. बहुतेक वेळा रिकामाच.
मार मात्र भरलेल्याइतकाच.
नेब्रास्काकडचा एखादा सव्वाशे किलोचा पोरगा
छातीवर बसून माझ्या काखा चाचपायचा
आणि तिकडे, लांब उजवीकडे, आमचा बँड सुरू व्हायचा.
तेव्हाचा त्याचा चेहरा!
तोंडात माती असताना हसता येतं,
हे मी तिथे शिकलो.

नोव्हेंबरातला शेवटचा सामना.
कॅन्ससचा वारा, गोलपोस्टवरची फीत काठीसारखी आडवी.
चौथा डाउन, दोन यार्ड, पाच गुणांनी मागे.
मोकळा माणूस आत वळला. मलाही दिसला.
चेंडू आता जाणार, हे मला कळलं,
हातांना कळलं नाही.
की हातांनाही कळलं होतं?
वडील आले होते त्या दिवशी,
पहिल्यांदाच, शेतातले बूट तसेच घालून.
मी आवळला.

चेंडू कुणाच्या हातून निसटला
ते फिल्मवर दिसत नाही.
कोचनी नऊ वेळा मागे नेऊन पाहिली.
प्रोजेक्टरच्या अंधारात प्रूइट म्हणाला,
"माझी चूक. उशिरा ओढला."
मी गुडघ्यावरचा बर्फ बघत राहिलो,
तो वितळून सॉक्समध्ये उतरेपर्यंत.

एकतीस वर्षं.
आता मी को-ऑपच्या कोठारावर काट्यापाशी बसतो.
ट्रक भरलेला येतो, वजन करतो.
रिकामा होऊन येतो, पुन्हा वजन करतो.
वजाबाकी उरते ती ज्याची त्याची.

ऑक्टोबरात प्रूइट लाल ज्वारी घेऊन येतो.
दाण्यातला ओलावा, भाव, त्याच्या बायकोची कंबर,
सगळं बोलून होतं.
त्या सामन्याचं नाव तो काढत नाही, म्हणून मीही नाही.

परवा खिडकीतून पावती पुढे केली.
त्यानं एक टोक धरलं.
माझी बोटं दुसऱ्या टोकावर तशीच राहिली.
वाक्य जिभेवर होतं,
एकतीस वर्षं घासून गुळगुळीत झालेलं.
तो माझ्याकडे बघतच नव्हता,
माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता,
तसाच, डोळे बारीक करून,
जणू तिथे अजून कुणीतरी उभं आहे
आणि कुठल्याही क्षणी वळेल.

"सोड, ऑरिन," तो म्हणाला. "फाटेल."